धुळे मुक्कामी बिबडे फत्ते जाहले त्याची हकीकत

श्री एकवीरादेवी प्रसन्न. शके अठराशे एकोणसाठ, ईश्वरनाम संवत्सरी, पौष वद्य पंचमीस धुळे मुक्कामी थोर शेतकी प्रदर्शन भरले, ते समयी साक्री तालुक्यातील राजश्री हिलाल पुना पाटील व त्यांचे कुटुंब सौभाग्यवती ताईबाई या उभयतांनी जी मोहीम केली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे मीठ घातले नाही. तिखट बाईंचेच आहे.

मोहिमेचे कारण ऐसे जे, बाईंचे हातचे ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, पंचक्रोशीत नामांकित. लग्नकार्यात लोक खात, बोटे चाटीत आणि हिलालभाऊंचे घरचे बिबडे म्हणून वाखाणीत. अठरा वर्षे बाईंनी हे सोसले. सासरी त्या सूनबाई, आळीत वहिनी, आणि खासा पाटील तर 'ओ, ऐकस का' एवढ्यावर अवघा संसार हाकीत, कारण चारचौघांत बायकोचे नाव घेणे म्हणजे मिशी उतरून खुंटीस टांगणे, ऐसा त्या मुलखाचा कायदा. मग प्रदर्शनात पापडबिबड्यांचीही परीक्षा होणार हे वर्तमान येताच बाईंनी चुलीपुढून फर्मान काढिले, "आवंदा मन्हं नाव पुकाराले जोयजे." पाटलांनी मान डोलाविली. मान डोलवावयास काय लागते?

पहाटे सर्व्हिस मोटारीने कूच जाहले. बाईंचे मांडीवर बिबड्यांचा डबा आणि भाकरीचे गाठोडे. पाटलांचे मांडीवर परसातले डांगर, म्हणजे लाल भोपळा, वजनास पाऊण मण. खरी फत्ते डांगराचीच होणार आणि बिबडे बाजारबुणग्यांसारिखे मागून येणार, ही पाटलांची आतली मसलत. प्रत्येक खड्ड्यास डांगर उसळे आणि पाटील त्यास लेकरासारिखे पोटाशी धरीत.

धुळ्यास कारकुनाचे मेजापुढे मोठी दाटी. पाटलांनी डांगर मांडिले आणि आपले नाव गर्जून लिहविले. मग बिबड्यांचा डबा पुढे आला आणि कारकुनाने मान वर न करिता पुसिले की हे कोणाचे. नेमके पाठीशी गावचे वडील सुकदेव आबा उभे. पाटलांचे जिभेस लकवा जाहला. "ते बी आमनंच शे," ऐसे पुटपुटले, आणि कारकुनाने हिलाल या नावाखाली 'सदर', म्हणजे वरचेच नाव, ऐसे ओढिले. बाई स्त्रियांचे रांगेत, दहा पावले मागे. त्यांस वाटले, आपले नाव कागदी चढले. त्यांचे मुखावर तेज आले, ते पाहून पाटलांस बहुत लाज वाटली. परंतु नुसते लाजेने कागद खोडला जात नाही.

मग उभयतांनी लोखंडी नांगर, तेलावरील इंजिन व विलायती कोंबडे यांची पाहणी केली, आणि भाजीपाल्याचे तंबूत भडगावचे डांगर दृष्टीस पडताच पाटील जागीच नामोहरम जाहले. ते दोघांनी उचलून आणिले होते.

तिसरे प्रहरी मंडपात निकाल पुकारला. बिबड्यांत पहिले बक्षीस हिलाल पुना पाटील! बाईंचे हात टाळीस उचलले होते, ते तैसेच अधांतरी राहिले. हे लिहिताना आमचाही बोरू अडला. इकडे परीक्षक रावसाहेबांस पाटलांची मिशी पाहून शंका आली आणि त्यांनी पुसिले की ज्वारी किती दिवस भिजविता. पाटील उत्तरले, "एक रात भिजाडी का बठ्ठं व्हई जास." स्त्रियांचे बाजूने ऐसा हशा उठला की कनात हालली, कारण तीन दिवस भिजविल्याखेरीज बिबडा होत नाही हे खानदेशात पोरीसोरी जाणतात. मग रावसाहेबांनी हुकूम केला की करणारा कोण ते न कळे तर बक्षीस दुसरे आलेल्या पिंपळनेरकरांस द्यावे.

बाईंनी बोलावे तर सासऱ्यासमान आबा पुढ्यात बसलेले, न बोलावे तर अठरा वर्षे पाण्यात गेली. पाटलांनी त्यांकडे पाहिले. बाईंचे डोळे भरले होते. राग असता तर पाटील सवयीने सोसते, हे सोसवेना. प्रथम 'पोरेसनी माय' म्हणून निभावते का पाहिले, परंतु रावसाहेब म्हणाले, ऐशा माता येथे पाचशे बसल्या आहेत. मग ज्या आवाजाने नदीपलीकडील बैल माघारी आणीत, त्याच आवाजाने पाटील गरजले, "बिबडा मन्हा नहीत! ताईबाईना शेतस. ताईबाई, मन्ही घरवाली!"

सुकदेव आबा तोंडातील तंबाखू थुंकावयाचे विसरले आणि गिळून बसले. मग स्त्रियांकडून टाळ्यांची सरबत्ती सुटली आणि बाई पदर सावरून पुढे गेल्या, तीन दिवसांचे भिजवण, लसूण, तीळ, मिरची ही अवघी व्यवस्था खणखणीत सांगितली, आणि रावसाहेबांनी सनदेवरील हिलाल हे नाव तांबडे शाईने खोडवून वर ताईबाई ऐसे लिहविले.

परतीचे मोटारीत बाई पुढील बाकावर, पाटील मागे, शेजारी आबा. कुसुंब्यापाशी पाटलांस भूक लागली आणि गाठोडे तर बाईंपाशी. "ओ, ऐकस का." नेर गाव येईतो तीन वेळा हाच खलिता धाडिला आणि तिन्ही वेळा माघारी आला. मग पाटलांनी एकवार आबांकडे पाहिले आणि हत्यार खाली ठेविले. "ताईबाई, भाकर दे वं." बाई वळल्या, हसल्या, भाकरी दिली आणि वर एक बिबडाही ठेविला.

येणेप्रमाणे नेर मुक्कामी, मोटार चालती असता, तह जाहला की घरी, दारी व चव्हाट्यावर हेच नाव चालावे. तेव्हापासून चालत आहे, आणि आता ते सुकदेव आबाही घेतात. डांगराचे नाव मात्र त्या घरात कोणी काढीत नाही.