आप्पामामांचं रक्त अन् माझं चुंबक

रक्तातून हव्या तेवढ्याच पेशी वेचून काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! पेशींना चुंबकाला ओढले जाणारे बारीक मणी लावायचे, नळी चुंबकात उभी करायची, चिकटतील त्या आपल्या! असं मी प्रयोगशाळेत ठणकावून सांगितलं.

"छान. संध्याकाळपर्यंत दाखव प्रेरणा," नीरजा मॅडम म्हणाल्या. "नाहीतर हे काम अमेयला देते."

माझ्याच बरोबरीच्या त्या अमेयला? माझ्या जिवंतपणी नाही!

रक्त द्यायला माझे आप्पामामा तयार झाले. बाजाराला पिशोर गावाहून मामीसोबत आलेच होते. नर्सबाईंनी रक्त काढलं, मी मणी लावले. गुळाला माश्या चिकटाव्यात तशा पेशी चुंबकाला चिकटल्या! मी ऐटीत उरलेलं पाणी ओतून दिलं.

"प्रेरणा, या पाकिटातले मणी कुणाला चिकटतात?"

"हव्या त्या पेशींना, मॅडम!"

"वाच जरा."

वाचलं. नको असलेल्या पेशींना! माझ्या पेशी केव्हाच मोरीतून गेल्या होत्या.

मी हार मानते होय? बाहेर पळाले. मामा बिस्किटं खात होते.

"मामा, अजून थोडं रक्त?"

मामांनी शहागंजात खरेदी करणाऱ्या मामीला फोन लावला. "अगं, पोरगी रक्ताला लोहचुंबक लावायली!"

रिक्षा करून मामी हजर! "रक्तातलं सगळं लोखंड ओढलं गं बया! कसे पांढरेफटक पडलेत!"

गर्दी जमली. खालच्या मजल्यावर तर मामा बेशुद्ध पडल्याची बातमी गेली. मामा दुसरा पुडा फोडत होते.

"मामी, अंगाला चुंबक चिकटत नाही, हे बघा!" म्हणत मी ते मामांच्या हाताजवळ नेलं.

खट्! मनगटावरच्या घड्याळाला चिकटलं. मामी किंचाळली. घड्याळ बंद!

"गप गं," मामाच शेवटी म्हणाले. "लेकराचं काम अडलंय. घे पोरी, लई नको घेऊ पण."

या वेळी पाकीट चारदा वाचलं. न चिकटलेल्या पेशींचं पाणी तान्ह्या बाळासारखं सांभाळलं. यंत्रात तपासलं, तर जवळपास सगळ्या हव्या त्याच पेशी! मॅडम चक्क हसल्या. अमेयचं तोंड उतरलं.

मी नाचतच मामांकडं गेले. ते बाही दुमडून खुर्चीत ताठ बसले होते.

"झाल्या का येगळ्या?"

"झाल्या, मामा! एकदम स्वच्छ!"

"मंग घाल आता परत," मामांनी हात पुढं केला. "पिशोरची गाडी निघंल."

मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी हळूच आतून दार लावून घेतलं.