टिटवीसाठी जीप अडवणाऱ्या वत्सलामावशी

वत्सलामावशींना सकाळी 'कशा आहात?' असं विचारायचं नसतं. त्या खरंच सांगतात.

"कशी राहीन? काल एकानं तळ्यात ट्रॅक्टर धुतला. पाणकोंबड्यांनी काय डिझेल प्यावं?"

भोकरदनच्या वरच्या डोंगरात आमच्या गावाचं तळं आहे. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यापासून या आमच्या शेजारीणबाई रोज तिथं जातात आणि तापून परत येतात. पाकिटं फेकणाऱ्यांवर तापतात, बगळ्यांना दगड मारणाऱ्यांवर तापतात, आणि 'जाऊ द्या ना मावशी' म्हणणाऱ्या माझ्यावर सगळ्यांत जास्त.

"'जाऊ द्या, जाऊ द्या' करूनच हे झालं."

यंदा उन्हाळ्यात माझ्या पुतण्याचं लग्न ठरलं. लग्नाआधीचे फोटो तळ्यावर काढायचे, म्हणून नवरा-नवरी, फोटोवाला आणि मी जीपनं थेट काठाकडं निघालो. पाणी आटून उघड्या पडलेल्या खडीवर मावशी मांडी घालून बसलेल्या. बरोबर जीपच्या समोर.

"मावशी, सरका की थोडं," पुतण्या म्हणाला.

"बिलकुल न्हाई. मागं टिटवीची अंडी हायेत."

आम्हाला नुसती खडी दिसत होती. वर टिटवी किंचाळत घिरट्या घालत होती. फोटोवाला पुटपुटला, "शुभकार्यात टिटवी वरडती. अपशकुन हाय."

"तिला तुम्ही अपशकुन हायेत," मावशी कडाडल्या. "तिच्या बाळंतपणात गाडी घालून राह्यले, अन् वर तिलाच नावं ठेवता? घाला मंग माझ्या अंगावर."

नवरी खाली उतरली, खडीत वाकून अंडी बघून आली आणि म्हणाली, "जीप मागं घ्या." फोटो शेवटी मारुतीच्या देवळामागं निघाले. पुतण्याचं तोंड सगळ्या फोटोंत फुगलेलं आहे.

मी मात्र तळ्यावरच थांबलो होतो. मावशी उठून लांब बाभळीखाली जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं टिटवी खाली उतरली, थोडी चालली, थबकली, आणि अंड्यांवर बसली.

"बस माय, बस. गेले ते," मावशी म्हणाल्या. त्यांचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"ऊन चढलंय मावशी. चला घरी."

"तू जाय. माझी कोण वाट बघून राह्यलं घरी?"

मी शेजारच्या दगडावर टेकलो. त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली.

"पी," त्या म्हणाल्या. "पण हळू. तिचा आत्ताच डोळा लागलाय."