बाळूकाकांची हनोईतली शिफ्ट

आमचे शेजारी बाळूकाका म्हात्रे परक्या स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय चहाचा घोट घेत नाहीत. लग्नात नवरानवरी स्टेजवर आणि काका आचाऱ्याच्या पाठीशी, हे आमच्या वरसे गावाला सवयीचं झालंय. पेणला, रामवाडीत माझ्या सासुरवाडीला पहिल्यांदा आले तेव्हा चपला काढून सरळ ओट्यापाशी गेले. "प्रोसेस बघतो फक्त. तुमचं चालू द्या." सासूबाईंना वाटलं, गॅसवाला आला. त्यांनी शेगडी दाखवली. काकांनी बर्नर साफ करून दिला.

काका रोह्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. आता रिटायर आहेत. यंदा मुलाने त्यांना व्हिएतनामची टूर काढून दिली. काकी विमानात बसायला तयार होईनात, म्हणून ते आम्हा नवराबायकोबरोबर आले. विमानातही पडद्यामागे गेलेच. हवाई सुंदरीने हाताला धरून परत आणलं. "आत कायच नाय, नुसते डबे," ते पट्टा लावता लावता म्हणाले.

हनोईत गाइडने आम्हाला कॉफीच्या दुकानात नेलं. या कंपनीची दुकानं तिकडे गावोगाव आहेत, आणि सगळी मुद्दाम जुन्या, टंचाईच्या दिवसांसारखी सजवलेली. पोपडे आलेल्या लष्करी हिरव्या भिंती, बंद पडलेले रेडिओ, टवके उडालेले इनॅमलचे मग. ग्रुपमधले लोक डुगडुगत्या बाकड्यांवर बसून फोटो काढत होते. काकांनी एक बाकडं हलवून पाहिलं. "असलं मी मागल्या पडवीत टाकून दिलंय. इथं त्याच्यावर बसून फोटो काढतात व्हय?"

मग कॉफी आली. खाली नारळाच्या दुधाचा बर्फाळ गोळा, वर काळी कॉफी. काकांनी वास घेतला. "हे सरबत हाय का कालवण?" मी उत्तर देईपर्यंत ते काउंटरच्या मागे पोचले होते.

मी माफी मागायला धावलो. समोर गिऱ्हाइकांची रांग, आणि आत हिरव्या शर्टातली एकटी मुलगी. काकांनी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं, मग मशीनकडे: बघतो फक्त. तिने रांगेकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि ओल्या मगांचा ट्रे आणि फडका त्यांच्या पुढ्यात ठेवला.

काकांनी बाह्या सारल्या. एकेक मग पुसला आणि सगळ्यांचे कान एका दिशेला करून मांडले. ती तिच्या भाषेत बोलत होती, काका आपल्या. "नारळ संपत आला गो," ते म्हणाले, आणि खरंच ती फ्रीजकडे वळली.

गाइड बोलवायला आला. बस सुटायची होती.

"रिलिव्हर आला नाय अजून, शिफ्ट कुणाच्या हवाली करू?" काका म्हणाले.

तेवढ्यात जेवायला गेलेला वेटर परतला. काकांनी त्याच्या हाती फडका दिला, कुठले मग अजून ओले आहेत ते दाखवलं, आणि उभ्याउभ्याच आपली कॉफी संपवली.

आम्ही बसमध्ये बसलो. बायकोने विचारलं, "काका, कशी होती कॉफी?"

"बरी होती." ते खाली बघत म्हणाले, "घरी भांड्याला हात लावला की सून म्हणते, बाबा, तुम्ही बसा. चांगली हाय ती. पोरगा पण म्हणतो, बसा. जो तो बसाच म्हणतो." मग म्हणाले, "त्या पोरीनं काय विचारलं नाय. सरळ फडका दिला."

मग बायकोने मांडीवरची पिशवी पुढे केली. आत पेणचे पापड होते, वजन काहीच नव्हतं.

"काका, एवढी वर ठेवता का?"

बसने वेग घेतला होता. काका दांड्याला धरून उठले.