कोबीच्या वाफ्यातला शिपाई

"मेलेली टोपी असं जगात काही नसतं," लोथार क्नाप छाती काढून म्हणाला. "आजारी टोपी असते. आणि आजारी टोप्यांचा डॉक्टर तुमच्यासमोर बसलाय!"

समोर डोर्नबुशबाई बसल्या होत्या. त्यांची बाग लोथारच्या बागेला लागून, मध्ये फक्त एक कुंपण. त्यांनी टेबलावर जी वस्तू ठेवली होती तिला टोपी म्हणायला मन मोठं लागलं असतं. ट्रकखाली सापडलेली भाकरी म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती.

"माझ्या बाबांची आहे हो," बाई म्हणाल्या. "फौजेतली. आईने कुठे ठेवली होती ते कुणालाच माहीत नव्हतं. परवा माळ्यावर सापडली. रविवारी बाबांना ऐंशी पूर्ण होतात. केक कापायच्या आधी त्यांच्या डोक्यावर ठेवायची आहे. होईल ना?"

"रविवारी तुमचे बाबा आरशात बघतील आणि स्वतःलाच सलाम ठोकतील!" लोथार म्हणाला.

बोलणं मोठं होतं, पण माणूस पोकळ नव्हता. जुन्या जर्मन फौजी टोप्या हा त्याचा श्वास होता. झाडीत दिसू नये म्हणून रंगवलेल्या टोप्या! पश्चिम जर्मनीच्या ठिपक्याठिपक्यांच्या, पूर्व जर्मनीच्या रेघांच्या. घरात त्या इतक्या होत्या की त्याच्या बायकोला, रोस्विताला, स्वतःची हॅट अडकवायला खुंटी उरली नव्हती. डोर्नबुशबाईंच्या बाबांची टोपी पूर्वेकडची. करड्या-हिरव्या कापडावर पावसाच्या सरींसारख्या उभ्या तपकिरी रेघा.

आता जुनी टोपी कशी धुवायची हे ऐकून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल. कोमट पाण्यात साबण विरघळवायचा, टोपी त्यात निवांत बुडू द्यायची, आणि काही झालं तरी पिळायची नाही! मग डोक्याएवढ्या गोल वस्तूवर चढवून सावलीत वाळवायची, म्हणजे ती आकार धरते. लोथारकडे त्यासाठी लाकडाचं एक डोकं होतं. नेमकं त्याच आठवड्यात ते उभं चिरलं.

त्याने फुगा फुगवून पाहिला. फुगा फुटला. पातेलं पाहिलं. पातेलं मोठं निघालं. शेवटी ओली टोपी स्वतःच्याच डोक्यावर घालून तो ओट्यापाशी उभा राहिला.

"काढ ती," रोस्विता म्हणाली. "आतून पोकळ असलं की आकार धरत नाही, असं तूच सांगतोस ना?"

शनिवारी रोस्विता बहिणीकडे गेली आणि लोथार ओली टोपी घेऊन बागेत आला. आणि तिथे, वाफ्यात, त्याला डोकं दिसलं! रोस्विताचा कोबी. गोल, टणक, घट्ट, अगदी वाढदिवसवाल्या बाबांच्या मापाचा गड्डा. शिवाय वर वेलाची सावली. लोथारने टोपी गड्ड्यावर चढवली, कड दाबून बसवली, पुढची झडप सरळ केली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. टोपीला काय रुबाब आला होता! त्या आनंदात त्याने आलुबुखाराच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि खोपीत जाऊन घोरायला लागला.

थोड्या वेळाने डोर्नबुशबाई कुंपणापाशी आल्या आणि त्यांच्या हातातली झारी खाली पडली. शेजारच्या कोबीत एक शिपाई लपला होता! अंग पानांत, वर फक्त टोपी.

"नमस्कार," बाई हळूच म्हणाल्या.

शिपाई गप्प.

"नमस्कार म्हटलं मी!"

शिपाई ढिम्म. बाईंना भीती वाटली होती, तिचा आता राग झाला. काय उर्मट माणूस! त्या पाय न वाजवता बागांच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे, पेट्सोल्डसाहेबांकडे गेल्या. पाय न वाजवता, कारण दुपारचे दोन वाजले होते, आणि एक ते तीन ही शांततेची वेळ. तेव्हा गवत कापायचं नाही, हातोडा मारायचा नाही, आणि ओरडणं तर बापजन्मात नाही!

पेट्सोल्डसाहेब चवड्यांवर आले. त्यांच्यामागे आणखी चार-पाच बागवाले चवड्यांवर आले.

"शिपाईच आहे," साहेब कुजबुजले. "टोपी आपल्या जुन्या फौजेची."

"पण ती फौज बंद होऊन किती वर्षं झाली!"

"त्याला कुणी कळवलं नसेल."

"मग तुम्ही कळवा की! ओरडून सांगा!"

"आत्ता?" साहेबांनी डोळे वटारले. "बाई, शांततेची वेळ आहे!"

मग काय! कुंपणाच्या कडेने खुर्च्या मांडल्या गेल्या. कुणी थर्मासमधून कॉफी आणली. सगळे शिपायावर नजर रोखून, बशीचाही आवाज न करता, तीन वाजायची वाट बघत बसले.

"काय चिकाटी आहे," एकजण पुटपुटला. "तासभर पापणी हललेली नाही."

"आमच्या काळी शिस्तच तशी होती," दुसरा म्हणाला.

चर्चच्या घड्याळात तीनचे टोले पडले आणि सगळे एकदम ओरडले!

"बागेत मुक्काम करायला मनाई आहे!" पेट्सोल्डसाहेब गरजले. "नियम सर्वांना सारखे! बाहेर या!"

शिपाई हलला नाही.

"थांबा, मी उठवते," म्हणून डोर्नबुशबाईंनी रबरी नळी उचलली आणि तोटी पूर्ण सोडली. पाण्याचा लोट थेट टोपीवर! पिकून टम्म झालेला कोबी तो मारा किती सोसणार? खाडकन आवाज झाला आणि गड्डा उभा उकलला.

"डोकं फुटलं!" कुणीतरी किंचाळलं. पेट्सोल्डसाहेब मटकन मुळ्यांच्या वाफ्यात बसले.

त्या आरड्याने लोथार एका पायात मोजा घालून खोपीतून धावत आला. "अहो, काय करताय? ती वाळत आली होती!"

"कोण वाळत आला होता?"

"टोपी! बाई, तुमच्याच बाबांची टोपी आहे ती!"

डोर्नबुशबाईंच्या हातून नळी गळून पडली. "ही? ती तर भाकरीसारखी होती!"

"होती! मी बरी केली होती!"

टोपी उचलली तर आत कोबीचा चोथा, बाहेर कोबीचा रस. बाई रडकुंडीला आल्या. "उद्या बाबांना काय देऊ हो मी?"

घरी लोथारने टोपी तीन वेळा धुतली. लिंबू लावलं, सोडा लावला. डाग गेले, रेघा उजळल्या. वास मात्र हटेना. त्यात वाळवायला गोल वस्तू पुन्हा नव्हतीच. बहिणीकडून परतलेल्या रोस्विताने सगळं ऐकून घेतलं, उरलेला एकुलता एक गड्डा कापून आणला आणि टेबलावर आदळला. "घे. आता अब्रू गेलीच आहे कोबीत."

रविवारी केकभोवती सगळी मंडळी जमली. डोर्नबुशबाईंनी बाबांच्या, एगोनआजोबांच्या, डोक्यावर टोपी ठेवली. बसली! झडप सरळ, माप नेमकं. टाळ्या पडल्या. लोथारचा जीव भांड्यात पडला.

एवढ्यात आजोबांनी टोपी काढून नाकाशी नेली.

"कोबी," ते म्हणाले.

डोर्नबुशबाई पांढऱ्याफटक पडल्या. लोथारचे कान बिटासारखे लाल झाले.

"तळावरच्या भटारखान्यात होतो मी," आजोबा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "आठवड्यात सहा दिवस कोबी! केसांत कोबी, टोपीत कोबी. सुट्टीवर गेलो की तुझी आई टोपी दाराबाहेर काढायला लावायची आणि मग हसत हसत आत घ्यायची." त्यांनी पुन्हा खोल श्वास घेतला. "आकारबिकार कुणीही आणेल हो. पण हा वास! साठ वर्षांनी, हुबेहूब! क्नाप, कसं जमवलंत?"

लोथारने रोस्विताकडे पाहिलं. रोस्विताने केककडे पाहिलं.

"त्याची खास पद्धत असते," लोथार घसा साफ करत म्हणाला. "चिकाटी लागते."

"वा! खरा कलावंत!" आजोबा खूश होऊन म्हणाले. "मग आता माझे फौजेतले बूटही घेऊन जा. त्यांना कांद्याचा वास होता."

रोस्विताने केकची सुरी खाली ठेवली.

"लोथार," ती म्हणाली, "माझ्या कांद्यांना हात लावायचा नाही!"