देवराव सरांच्या घरची सरकारं

शेजाऱ्याच्या घरातल्या निवडणुकीत मी मतदान केलं, ही माझी चूक.

अंबडला आमच्या भिंतीला भिंत लावून देवराव सर राहतात. उभा जन्म नागरिकशास्त्र शिकवलं. त्या विषयाकडे शाळेत कुणी लक्ष दिलं नाही, म्हणून निवृत्तीनंतर सरांनी घरीच प्रात्यक्षिकं सुरू केली. मुलं पुण्याला, घरात माणसं दोनच, सर आणि सुलोचनावहिनी. पण सरकारं सारखी बदलतात. मीही निवृत्त, त्यामुळे रोज दुपारी तिकडेच. दारातच ते बजावत, "वाकून ये. आज राजेशाही हाय. बराबर?"

या उन्हाळ्यात राज्यापुढे प्रश्न एकच होता, कूलर. घरात एकच, आणि तो बैठकीत, सरांच्या आरामखुर्चीसमोर. वहिनींचं म्हणणं, तो स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवा. गॅससमोर भाकऱ्या थापताना जीव उकडून निघतो.

राजेशाहीत अर्ज फेटाळला गेला. राजालाच घाम आला तर प्रजेनं कुणाकडं बघायचं, बराबर? वहिनींनी भांडी आपटल्यावर समाजवाद आला. वाटणी अगदी समान: दिवसा कूलर सरांकडे, रात्री वहिनींकडे. रात्री स्वयंपाक आटपलेला असे, आणि बहुतेकदा लाईटही गेलेली.

"समाजवाद चांगला हाय," वहिनी म्हणाल्या, "पण घाम तेवढा माझ्याच वाट्याला कसा येऊन राह्यला?"

"तुला लोकशाही पाहिजे? घे मंग लोकशाही!"

मतं पडली एकास एक. तिसरा मतदार म्हणून मला भिंतीवरून हाक आली. आता मी रोज त्याच कूलरसमोर बसून वहिनींच्या हातचा चहा पिणारा माणूस. गंभीर चेहरा केला, सर्वांचं हित वगैरे पुटपुटलो, आणि कूलर बैठकीतच राहावा म्हणून हात वर केला.

"बघ, जनतेचा कौल!" सर म्हणाले.

वहिनींनी कपबशा उचलल्या. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून शहागडला बहिणीकडे निघून गेल्या. परत कधी येणार, ते सांगितलं नाही.

सुरुवातीला सर ऐटीत होते. "क्रांती हाय ही. क्रांत्या आपोआप थंड व्हतात." मग त्यांनी मला हाक मारणंच बंद केलं. न राहवून एका दुपारी गेलो, तर बैठक रिकामी. सर आत ओट्यापाशी. कपाळाला पीठ, बनियन ओलंचिंब. तव्यावर भाकरी होती आणि तिला कोपरे होते. कूलर दाराशी, विटांच्या चळतीवर चढवलेला.

"विटा कशाला, सर?"

"खाली ठिवला तर वाऱ्यानं गॅस विझून राह्यला. विटांवर ठिवला की वारं बराबर तिच्या तोंडावर येतं. ठेंगणी हाय ना ती." आणि सरांनी गुडघे वाकवून, वहिनींएवढं होऊन दाखवलं. तसेच वाकलेले ते क्षणभर वाऱ्यात उभे राहिले. "इथं इतकं गरम व्हतं, मला म्हाईतच नव्हतं."

मला टोमणा सुचला होता. मारला नाही.

"तिला फोन लाव," सर म्हणाले. "माझा उचलंना. म्हण, सरकार पडलं. कूलर आत आला म्हण. अन् मला घरात करमंना, ते नको सांगू."

मी फोन लावला आणि जे नको म्हणाले होते, नेमकं तेवढंच सांगितलं.



"जेवले का ते?" वहिनींनी विचारलं.

"भाकरी करून राहिलेत. चौकोनी."

"बया! सकाळच्या एसटीनं येते म्हणावं."

सर पाठमोरे होऊन परात धुवायला लागले. धुतलेलीच परात. एवढं जुळून आलंय तर थोडं श्रेय आपणही घ्यावं, म्हणून मी म्हणालो, "वहिनी, पुढच्या निवडणुकीत माझं मत तुम्हालाच बरं का!"

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुमचं मत ऱ्हाऊ द्या. आधी आपल्या घरी एक कूलर घ्या. मत विकून किती दिस लोकाचं वारं खाणार?"