दोन वायरी आणि एक मॉनिटर

आमच्या ऑफिसात प्रिंटर रुसला की मलाच बोलावतात. मी जातो, कागदाचा ट्रे बाहेर ओढतो, पुन्हा आत ढकलतो आणि तो चालू होतो. बारा वर्षांच्या या अनुभवाच्या जोरावर मी बायकोला ठणकावलं, "मॉनिटर जोडायला दुकानातला माणूस कशाला? मी मेलोय का?"

मॉनिटर तिचा होता. घरं आणि दुकानं आतून कशी असावीत याचे नकाशे ती काढते. नोकरी सोडून तिला तीन महिने झाले होते आणि त्या दिवशी अकरा वाजता एका वाचनालयाची समिती व्हिडिओ कॉलवर तिचे नकाशे पाहणार होती. स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम! लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर बारीक रेघा दिसत नाहीत म्हणून तिने हा वापरलेला पण ऐसपैस मॉनिटर आणला होता.

"दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. तेव्हा दहा वाजले होते.

माझ्याकडे वायरींचं एक खोकं आहे. मी कुठलीही वायर टाकत नाही, त्यावरून घरात मला बरंच ऐकावं लागतं. त्यातली निळ्या तोंडाची, पंधरा पिनांची व्हीजीए वायर मॉनिटरला झकास बसली. दोन्ही बाजूंचे स्क्रू मी असे पिळले की भूकंप झाला तरी ती सुटू नये. मग दुसरं टोक घेऊन लॅपटॉपभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. तिथे निळं तोंड घुसेल असं भोकच नव्हतं. होती ती फक्त एक चपटी, एचडीएमआयची खाच.

खोक्यातून पांढऱ्या तोंडाची डीव्हीआय वायर काढली. तीही मॉनिटरला बसली, लॅपटॉपला नाही. आता मॉनिटरला दोन शेपट्या लोंबत होत्या आणि पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात निवांत फिरत होती.

"पावणेअकरा झाले," बायको म्हणाली. "मी कॉलमध्ये जाऊन बसते. आणि हे बघ, मला आज खरंच भीती वाटतेय."

मला एकदम अपराधी वाटलं. चपटी वायर घरात कुठे आहे ते आठवलं आणि मी दिवाणखान्यात धावलो.

तिथे सासरे टीव्हीवर मगरींचा कार्यक्रम बघत बसले होते. टीव्हीमागे दोन एचडीएमआय वायरी होत्या, एक सेट-टॉप बॉक्सची आणि एक जुन्या डीव्हीडी प्लेअरची. दोन्ही काळ्या, लांबलचक आणि नीटनेटकेपणाच्या झटक्यात मीच एकत्र बांधलेल्या. मी एक टोक टीव्हीतून उपसलं, एक प्लेअरमधून. दोन टोकं सुटली म्हणजे वायर सुटली, असा माझा हिशेब. बाकीची मागे अडकली होती, पण टोकं शेजारच्या खोलीपर्यंत पोचत होती. मी एक टोक लॅपटॉपला लावलं, एक मॉनिटरला.

"आलं चित्र!" मी ओरडलो.

मॉनिटरवर एक मगर जबडा वासून आमच्याकडे बघत होती.

"हे माझं वाचनालय?" बायकोने विचारलं.

एवढ्यात दिवाणखान्यातून सासऱ्यांचा आवाज आला. चाळीस वर्षं करवतीच्या यंत्राशेजारी सुतारकाम केलेला माणूस हळू बोलत नाही. "जावईबापू, मगर गेली. इथे कुणाचातरी नकाशा आलाय. आणि चार माणसं माझ्याकडे बघतायत."

मी दोन वेगवेगळ्या वायरींची एकेक टोकं उपसली होती. समिती टीव्हीवर पोचली होती, आवाजासकट. आमच्या खोलीत कुणाचं काही ऐकू येत नव्हतं.

"या खिडकीजवळच्या कपाटाचं दार खांबाला थडकणार, पोरी," सासरे गरजले.

लॅपटॉपच्या माइकमधून हे समितीलाही ऐकू गेलं असणार. बायको ताडकन उठली आणि दिवाणखान्यात गेली. "बाबा, ते सरकतं दार आहे. खालची दुहेरी रेघ बघा. खांब मध्ये आहे म्हणूनच तसं केलंय."

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "सरकतं असेल तर बरोबर आहे. पण पुस्तकांच्या वजनाने फळी वाकेल."

"दर दोन फुटांवर आधार दिलाय."

असे वीस मिनिटं सासऱ्यांचे प्रश्न आले. तिने एकेकाचं उत्तर दिलं, शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपला ऐकू जावं म्हणून घसा ताणून. मी वायर सुटू नये म्हणून दोन्ही टोकं धरून टेबलाखाली बसलो होतो.

शेवटी टीव्हीतून समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "आम्हाला विचारायला काही उरलंच नाही. काम तुमचं. फक्त एक अट आहे. वाचनालयात सहा कॉम्प्युटर बसवायचेत. पावणेअकरापासून आम्ही सगळं ऐकतोय. तुमच्या यजमानांचा त्या वायरींना हात लागता कामा नये."

"मान्य," बायको म्हणाली. श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही.

करारात ते सातवं कलम आहे. मी वाचलं. भाषा जरा कडक आहे, पण आक्षेप घ्यावा असं त्यात काही सापडलं नाही.