डासांचं औषधपाणी

"एखाददुसरा मेला तर चालेल बाबा, पण सगळे मेले तर माझी पीएचडी गेली," असं म्हणून क्षितिजानं बारीक जाळीचा चौकोनी पिंजरा टेबलावर ठेवला. आत डास होते.

श्रीपादराव चष्मा पुसून वाकले. पत्नी सुजाता गेल्यावर कराडच्या घरात दिवसदिवस कुणाशी बोलणं होत नसे, म्हणून लेकीनं त्यांना चंदिगडला आणलं होतं. इथं आले ते जानेवारीच्या धुक्यात, त्यामुळे इथंही घरातच कोंडले गेले. त्यात लॅबचा हीटर बंद पडला, गारठ्यानं क्षितिजाचे बरेच डास दगावले आणि उरलेले घरी आले.

"चावतील का गं?"

"हात आत घातला तर चावतील. पण काही होणार नाही, यांना मलेरियाचा जंतू अजून दिलेलाच नाही. आणि हे डास वेगळे आहेत. जंतू पोटात शिरला, की यांची प्रतिकारशक्ती त्याला तिथंच मारून टाकते. मग डास दुसऱ्याला चावला तरी मलेरिया पसरत नाही. असे निवडून निवडून वाढवलेत मी."

"म्हणजे चांगल्या घरातले आहेत."

क्षितिजा हसली नाही. तिला दिल्लीला कार्यशाळेसाठी जायचं होतं. डासांच्या खाण्याचा, साखरपाण्यात भिजवलेला कापूस रोज बदलायचा आणि खोली उबदार ठेवायची, एवढं तिनं पुन्हा पुन्हा बजावलं. श्रीपादराव तिला सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर सोडून आले. परतताना रिक्षात त्यांच्या मनात आलं, की सुजाताच्या आजारपणात हेच डास आडवे आले होते. डासांना बघायला दुसरं कुणी नाही म्हणून क्षितिजा येई ती धावतपळत, आणि शेवटच्या वेळी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल बापलेकीत कधी शब्द निघाला नव्हता. तिनं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी ते डासांपासून लांबच राहिले. पण घरात हीटर एकच, आणि तो डासांच्या खोलीत. आपल्या खोलीत कानटोपी घालूनही त्यांचे दात वाजत होते. दुपारी ते पेपर घेऊन डासांकडे बसायला गेले, संध्याकाळी गादीही तिकडेच नेली. दुसऱ्या दिवशी कापूस बदलताना, "आज धुकं फार आहे हं," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. पुष्कळ दिवसांनी सकाळी सकाळी कुणाशी तरी बोलल्यासारखं झालं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण सोधी आंटी गाजरहलवा घेऊन वर आल्या. त्यांची नजर पिंजऱ्यावर गेली.

"अंकलजी, ये मच्छर अंदर हैं या बाहर?"

"अंदर जी. पक्का अंदर."

"तो मारते क्यों नहीं?"

"बच्ची की पढ़ाई है जी. और ये अच्छे मच्छर हैं, मलेरिया को मार देते हैं."

आंटींनी त्यांच्याकडे एकवार नीट पाहिलं, टेबलावर ठेवलेली हलव्याची वाटी पुन्हा उचलली आणि त्या खाली गेल्या. थोड्याच वेळात जिन्यातून मच्छर अगरबत्तीचा धूर वर येऊ लागला. एकीचा नव्हे, आंटींनी बहुधा अख्खा पुडा पेटवला होता. श्रीपादरावांनी पिंजरा छातीशी धरला आणि धूर नव्हता अशा एकमेव जागी, म्हणजे बाल्कनीत, जाऊन उभे राहिले. अंगावरची शाल त्यांनी डासांना दिली.

धूर विरला तेव्हा निम्मे डास तळाशी आडवे झाले होते. त्यांनी हीटर वाढवला, पिंजऱ्याखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. हळूहळू बरेचसे डास उठून बसले, पण कापसाकडे एकही फिरकेना. खाणं सुटलेलं बघून श्रीपादरावांनी निदान केलं. थंडी बाधली म्हणजे आता छाती भरणार. सुजाताच्या औषधांचा डबा त्यांना टाकवला नव्हता, तो त्यांनी कराडहून बरोबर आणला होता. त्यातली अँटिबायोटिकची गोळी त्यांनी कुटून साखरपाण्यात विरघळवली. दुसऱ्या दिवशी कापसावर डासांची गर्दी होती. ती केवळ उबेमुळे असेल, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी स्वतःसाठी आल्याचा चहा केला, तोही दोनदा.

क्षितिजा परत आली, डास लॅबमध्ये गेले, तिनं त्यांना जंतू असलेलं रक्त पाजलं. पुढच्या आठवड्यात एके संध्याकाळी ती घरी आली आणि बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसली.

"सगळं फसलं बाबा. पोटं उघडून बघितली तर जंतूच जंतू. साध्या डासांपेक्षा वाईट निघाले."

"असं कसं होईल? औषध तर चांगलं लागू पडलं होतं."

"कुठलं औषध?"

श्रीपादरावांनी सगळं सांगितलं. बाल्कनी, शाल, पिशवी, गोळी. सांगताना आवाजात थोडा अभिमानही होता. क्षितिजानं डोळे मिटून घेतले.

"बाबा, डासाच्या पोटात साधे जीवाणू असतात. त्यांच्यामुळे त्याची प्रतिकारशक्ती जागी राहते. तुमच्या गोळीनं ते मेले, आणि मलेरियाच्या जंतूला रान मोकळं झालं."

"मग हा काही शोध वगैरे...?"

"कधीच लागलाय. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं."

"सगळंच गेलं का गं?"

"त्यांची अंडी आहेत. पुन्हा पहिल्यापासून वाढवायचं. पण डासांना गोळी द्यायचं सुचलं तरी कसं तुम्हाला?"

"खात नव्हते. तुझ्या आईचं असंच झालं. आधी खाणं सुटलं, मग एकेक सगळंच. या वेळी म्हटलं, वेळेवर करू."

खाली आंटींच्या घरात कुकरची शिट्टी झाली. क्षितिजानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि मान वर न करता विचारलं, "आईनं शेवटी काय खाल्लं होतं?"

"मऊ भात. मी केला होता. मीठ दोनदा पडलं."

"मग?"

"काही बोलली नाही. चार घास खाल्ले आणि तांब्याभर पाणी प्यायली. डॉक्टर कधीपासून म्हणत होते, यांना पाणी प्यायला लावा. त्या दिवशी आले, तपासलं, आणि म्हणाले, काका, आज कमाल केलीत."

क्षितिजाला हसू फुटलं, आणि ते काही आवरेना. मग श्रीपादरावही हसले. हसता हसता तिनं खुर्चीवर पडलेल्या त्यांच्या शालीत तोंड लपवलं तेव्हा ते उठून तिच्याशेजारी जाऊन बसले.

"अजून सांगा," शालीतून आवाज आला.